दोन जाकिटं आणि बोलणारा सेट

उखाचे कान गेलेत, हे जगात फक्त त्याच्या बायकोला, सुंदराला माहीत होतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

एकतीस वर्षं उखा भोई सुरतेच्या लिंबायतमधल्या लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, उभा राहिला. बारा तासांची पाळी, एकट्याकडे आठ मशिनं, आणि आवाज असा की शेजारचा माणूस मेला तर तो खाली पडल्यावरच कळावं. खात्यात कोणी बोलत नाही, कारण बोलून उपयोग नसतो. तिथं हाताची भाषा चालते. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ गोल फिरवली की मशीन चालू ठेव. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आला. देशभरच्या बायका ज्या साड्या नेसून लग्नांत मिरवतात त्या ह्या माणसांचे कान खाऊन तयार झाल्यात, आणि मिरवणाऱ्यांना त्याचं काही देणंघेणं नाही. शेठने कानात घालायला काय दिलं? काही नाही. चिंधीचा बोळा ज्याने त्याने घरून आणायचा.

कान एका दिवसात जात नाहीत. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग गायत्रीची, म्हणजे पोरीची, दारातून मारलेली हाक. उखाने कुणाला सांगितलं नाही. समोरचा बोलला की तो ओठांकडे बघायचा आणि मान हलवायचा, "हां हां, बराबर." चार माणसं हसली की तोही हसायचा, अर्ध्या क्षणाने उशिरा. सरकारी दवाखान्यात सुंदरा त्याच्या शेजारी चिकटून बसायची आणि कंपाउंडरने नाव पुकारलं की त्याचा गुडघा दाबायची. उखा उठून आत जायचा, जणू त्यानेच ऐकलं. लोकांना वाटायचं, बाई नवऱ्याला सोडत नाही.

दोन वर्षांमागे शेठने जुनी मशिनं भंगारात घातली आणि कडोदऱ्याला नवीन टाकली. नव्या मशिनला धागा तुटला की बारीक घंटी वाजते. उखाच्या मशिनची घंटी वाजत राहिली आणि उखा पाठ करून उभा राहिला. आठ दिवसांत त्याला घरी पाठवलं. ज्या कामाने कान घेतले त्याच कामाने विचारलं, तुझे कान कुठं आहेत म्हणून. त्याच आठवड्यात त्याचा धाकटा भाऊ गजेंद्रही काम सोडून आला. छाती काढून सांगत फिरला, "माझ्या भावाला काढलं ना, मी पण लाथ मारली." सुंदराला तेव्हा भरून आलं होतं. दीर असावा तर असा.

मग दोघांच्या डोक्यात होडी शिरली.

जात भोयाची. गाव तापीकाठचं, नंदुरबारकडचं. बापाचा डोंगा होता, पोरपणी दोघांनी त्यातून जाळी टाकलेली. "तीच तापी आठे येस," उखा म्हणायचा, "मंग आपलीच ना." सुरतेतली तापी त्यांनी तीस वर्षं पुलावरून, रिक्षातून पाहिली होती. त्यांना ती गावचीच वाटली. ही चूक फक्त भोयानेच करावी. समुद्रावरच्या माणसाने केली नसती, कारण तो पाण्याला भिऊनच वाढतो. गावची तापी एकाच बाजूला वाहते. इथं खाडीच्या तोंडाशी ती दिवसातून दोनदा माघारी फिरते, आणि ओहोटी लागली की होडीखालचं पाणी असं जातं की मघा जिथं जाळं टाकलं तिथं चिखलात बसून राहावं.

हे त्यांना डुमसकडच्या ओवाऱ्यावर, होड्या लागतात त्या काठावर, छीबुभाईने सांगितलं. छीबुभाई म्हणजे तिथला जुना मासेमार, माच्छी. त्यांनी घेतलेल्या जुन्या फायबरच्या होडीशेजारीच त्याची होडी बांधलेली असायची. तो गुजराती, हिंदी, मराठी सगळं मिसळून बोलायचा.

"ये गाम का पानी नहीं है, उखाभाई. मोठी जहाजं जातात इथून. जहाजं ओढणारे टग जातात. थंडीत सकाळी धुमस पडतं, तेव्हा हात पुढे केला तर हात दिसत नाही. धुमसमां आंख बेकार. कान जोईए. वायरलेसचा सेट चालू ठेवायचा, भोंगा ऐकायचा. मागच्या थंडीत इथल्याच एका होडीवरून टग गेला. दोघं होते. भोंगा वाजत होता, पण ह्यांनी मोबाइलवर गाणी लावलेली."

उखा म्हणाला, "हां हां, बराबर."

सुंदरा मागे उभी राहून ऐकत होती. तिने मनाशी हिशेब मांडला: गजेंद्र आहे ना. एकाचे कान, एकाचं बळ. एका होडीला चालून जाईल.

पाण्यात तरंगवणाऱ्या जाकिटांवरून आधी भांडण झालं. होडीच्या नोंदणीच्या तपासणीला अंगात जाकीट घातलेला फोटो लागतो. ओवाऱ्यावरच्या एका दलालाकडे त्यासाठी चार जाकिटं होती. तीच चार जाकिटं सगळ्या होड्यांवरून फिरायची. फोटो निघाला की जाकीट पुढच्या होडीत. कागदावर पन्नास होड्यांची माणसं सुखरूप, आणि खरी जाकिटं चार, तीही उंदरांनी कुरतडलेली. तपासणारे आंधळे नव्हते. पण फोटोत उंदीर दिसत नाही.

गजेंद्र म्हणाला, "भाभी, फोटोपुरतंच लागस. कसाले इकत घेवो?"

"तुम्ही फोटोमा बुडणार का?" सुंदराने विचारलं.

म्हणून सामान आणायला तीही गेली. लिंबायतच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यातून शेअर रिक्षाने निघून तिघं नानपुऱ्यातल्या होडीच्या सामानाच्या दुकानात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजलेले. दुकान अरुंद, छतापर्यंत दोर, बोये, पंखे, डबे. दुकानाचा शेठ जाडा, चष्मा कपाळावर. दुसरी एक बाई इंजिनचं तेल घेत उभी होती.

शेठने आधी स्वस्त जाकीट पुढे टाकलं. सुंदराने ते उलटं केलं. वीस वर्षं ती घरी बसून साड्यांचे धागे कापत आलीय. शिलाई कुठं खोटी असते ते तिला डोळे मिटून कळतं. तिने पट्ट्याच्या टोकाचा धागा नखात धरला आणि ओढला. सर्रकन सगळी शिलाई सुटून आली.

"बेन, असं ओढलं तर काहीही सुटेल," शेठ म्हणाला.

"पाणी काय हळू ओढतं का, शेठ?"

तेलवाली बाई हसली. शेठने गुपचूप वरच्या फळीवरून दुसरी काढली. दुहेरी शिलाई, पट्टा जाड, आतला फोम दाबला की परत वर येणारा, आणि खांद्याला दोरीने बांधलेली नारिंगी शिटी. अशी दोन बाजूला ठेवली. तिसरं घ्यायला पैसे नव्हते, आणि होडीत माणसंही दोनच जाणार होती.

मग शेठने यंत्रं मांडली. एक छोटा पडदा, खाली पाणी किती आहे ते दाखवणारा. एक जीपीएस, परतीची वाट दाखवणारं. आणि हातात धरून बोलायचे दोन सेट, एक होडीत ठेवायचा, एक काठावरच्या माणसाकडे. उखा पडद्याकडे लहान पोरासारखा बघत होता. आकडे त्याला आवडायचे. आकड्यांना आवाज नसतो.

"देखो काका," शेठ म्हणाला, "पाणी कमी झालं की हा ओरडतो. समजो, इथं मी दोन मीटर लावलं. आता बघा."

त्याने बटण दाबलं.

आवाज असा बारीक, असा टोकदार निघाला की सुंदराचे हात आपोआप कानांवर गेले. तेलवाल्या बाईने तोंड वाकडं केलं. बाहेर स्कूटरवर बसलेला माणूस वळून पाहायला लागला. शेठने स्वतः एक डोळा बारीक केला.

उखा पडद्याकडे बघत शांत उभा होता. ते तिला ठाऊकच होतं.

गजेंद्रही शांत उभा होता.

तो पडद्यावर बोट ठेवून आकडा बघत होता. भुवईसुद्धा हलली नाही. शेठने बटण बंद केलं, दोघांकडे पाहिलं. "बराबर?"

"हां हां, बराबर," उखा म्हणाला.

"एकदम बराबर," गजेंद्र म्हणाला.

सुंदराचे हात अजून कानांवरच होते. ते तिने खाली घेतले. तिला वाटलं, आपली चूक होतेय. लक्ष नसेल त्याचं. तिने जाकिटाची नारिंगी शिटी उचलली आणि गजेंद्रच्या पाठीमागे, हातभर अंतरावरून, छातीतला सगळा वारा काढून फुंकली. तेलवाली बाई दचकून बाजूला झाली. रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. गजेंद्रने सेटचा खोका उलटा केला आणि मागची अक्षरं वाचू लागला.

कडोदऱ्याची लाथ तिला तेव्हा कळली. भावासाठी सोडलं म्हणे. त्याच्याही मशिनची घंटी वाजत राहिली असणार.

"शेठ," ती म्हणाली, आणि आवाज तिलाच परका वाटला, "ह्यातलं आवाजाचं नको. डोळ्यांना दिसेल असं काही दाखवा. बत्ती लागते असं."

"बत्ती आहे ना. पण बेन, धुमसमां बत्ती कोण बघणार? सेट तर पाहिजेच. कान आहेत ना माणसाला."

"नाहीत," सुंदरा म्हणाली. "ह्यांना नाहीत. दोघांनाही."

उखाने तिचे ओठ वाचले. एकतीस वर्षांत ते काम तो चोख शिकला होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळा.

"तुले कोनी इचारं?" तो म्हणाला. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. रस्त्यापलीकडे ऐकू जावं एवढ्या मोठ्याने म्हणाला. "माले समदं आयकू येस."

शेठने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोघांकडे नव्याने पाहिलं. ती नजर सुंदराला ओळखीची होती. भंगाराचा भाव करताना माणूस जुन्या मशिनकडे असंच बघतो. ती नजर गजेंद्रलाही दिसली. त्याने बत्ती बाजूला सारली, पाण्याच्या खोलीचा पडदाही सारला, आणि दोन्ही सेट उचलून गल्ल्यावर आपटले.

"हेच देवो. सर्वांत मोठा आवाज जेचा शे तो."

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी तिघं उभे राहिले. कोणी रस मागवला नाही. उखा दोन जाकिटं काखेत धरून तोंड फिरवून उभा. सुंदरा गजेंद्रसमोर गेली, त्याला ओठ दिसतील अशी.

"कव्हयपासून?"

त्याने आधी मान हलवायला सुरुवात केली, सवयीने. मग थांबला.

"पाच-सहा वरीस व्हयनात."

"रंजनाले माहीत शे?" तिने जावेबद्दल विचारलं.

"नही. ती समजस मी तिले टाळस." तो हसला. "एका परीनं बरं पडस."

"मंग जाऊ नका, गजूभो. दोन्ही बहिरे एका नावमा. काय येडापणा शे हाऊ?"

"मंग काय करू? सांग. वॉचमनकीले गयथू उधनाले. दोन रोज ठेवं. गेटवर गाडीनं हॉर्न वाजाडा तं माले आयकू उना नही. शेठ म्हने, काका, घरी बसा. खात्यात नको, गेटवर नको. ती नाव शे ना, तिले कान लागत नहीत. ती माले इचारत नही."

"टग इचारी," सुंदरा म्हणाली.

"माले वाटे, भाऊले येस आयकू," गजेंद्र म्हणाला. "मी नाव भाऊना भरोसावर लिधी."

तिला सांगायचं होतं की तुझ्या भावाने ती तुझ्या भरोशावर घेतली, आणि मीही. पण बोलून काय. एकतीस वर्षं एका खात्यात दोघं भाऊ समोरासमोर हात हलवत राहिले, दोघांनाही वाटलं की आवाजामुळे हात हलवतोय. आवाज बंद झाला तरी हात हलतच राहिले, तेव्हा कळायला हवं होतं. कुणी कुणाला सांगणार? बहिरा आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी मशिनवर दुसरा उभा राहतो. अब्रूबिब्रू हे पोट भरलेल्यांचे शब्द. हे भाकरीपायी गप्प बसणं होतं.

पुढच्या सोमवारी पाण्यात उतरायचं ठरलं.

त्या सकाळी सात वाजता ओवाऱ्यावर धुकं होतं. अगदी दाट नव्हे, पण पन्नास पावलांपलीकडची होडी सावलीसारखी. दोघांनी जाकिटं घातली. उखाचे पट्टे तिनेच ओढून बांधले. गजेंद्रने एक सेट होडीत पुढच्या फळीला बांधला, आवाज पूर्ण मोठा केला, आणि दुसरा तिच्या हातात दिला.

"तू आठेन बोल, आम्ही तठेन बोलसूत. म्हंजे तुना जीवले बरं वाटी."

होडी ढकलली. इंजिन सुरू झालं, फटफट फटफट, जुनं आणि कर्कश. होडी वीस-पंचवीस हात आत गेली आणि काठाला बांधलेल्या दोरावर थांबली. सुंदराने बटण दाबलं.

"आयकू येस का?"

तिचाच आवाज होडीतून परत आला, एवढा मोठा की काठावरच्या बगळ्यांनी जागा बदलली. होडीत उखा सुकाणूचा दांडा धरून पुढे बघत होता. गजेंद्र जाळं उलगडत होता.

"गजूभो. मागे बघा."

ओवाऱ्यावर सगळ्यांनी मागे बघितलं. जाळी शिवणारे, बर्फ फोडणारे, चहावाला. होडीतल्या दोघांनी नाही. सेट त्यांच्यापासून चार हातांवर होता.

"गायत्रीचे बाबा, मी बोलतेय. हात वर करा."

सेटमधून उत्तर आलं, पण ते छीबुभाईचं. तो आपल्या होडीत, पुढे धुक्यात होता. "बेन, मने संभळाय छे. ए बेने नथी संभळातुं."

मला ऐकू येतंय, त्या दोघांना नाही. जे तिने दुकानात एका शेठला सांगितलं होतं ते आता दोन सेटांतून सगळ्या ओवाऱ्याला कळलं. काठावर हसू फुटलं. बर्फवाल्याने कानाला हात लावून नक्कल केली, मग बाकीचेही करायला लागले. उखाने वळून पाहिलं. माणसं हसताना दिसली. मग तोही हसला, अर्ध्या क्षणाने उशिरा, आणि हात हलवला. त्याला वाटलं, निरोप देताहेत.

सुंदराने सेट कमरेला खोचला. काष्टा मारला. चिखलात पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत गेला. काढला, दुसरा टाकला. मग पाणी, मांड्यांपर्यंत, गार. दोर धरत ती होडीपाशी पोचली तेव्हा गजेंद्रला दिसली.

"भाभी, नावमा बाई नको. आपला बाप बी नही बसू देत व्हता."

"तुना बापले आयकू येत व्हतं," ती म्हणाली आणि कडेवरून आत चढली. कुणी हात दिला नाही. ती ओल्या लुगड्याने उखाच्या शेजारी, मागच्या फळीवर बसली, दवाखान्यात बसायची तशी चिकटून.

उखा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे हात स्वतःच्या जाकिटाच्या पट्ट्याकडे गेले. तिने ते धरले.

"राहू द्या. माले पोहता येस."

लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत ती कधी पोहली नव्हती. उखाला ते माहीत होतं. त्याच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली, पण इंजिनात तिलाही ऐकू आलं नाही. तिने मूठ वर केली आणि गोल फिरवली. मशीन चालू ठेव. उखाचा हात पट्ट्यावरून निघाला आणि दांड्यावर गेला, गजेंद्रने दोर सोडला.

घरी बारा साड्यांचे गठ्ठे तसेच पडले होते. त्यांचे धागे संध्याकाळी कापायचे. उद्याही यायचं, परवाही. धुकं असेल तितके दिवस, आणि नसेल तेव्हाही. पगार नाही, नोंद नाही, अंगात जाकीट नाही. फोटोत तर ती कधीच येणार नव्हती. कागदावर होडीत माणसं दोन.

खाडीच्या तोंडाशी धुकं घट्ट झालं. ओवारा दिसेनासा झाला, मग छीबुभाईची होडीही. आणि डावीकडून कुठूनतरी भोंगा आला, खालच्या, जाड आवाजाचा, पाण्यातूनच उठल्यासारखा. पाठोपाठ सेट बोलला, छीबुभाईच्या आवाजात: टग येतोय, उजव्या अंगाला निघा, लवकर.

सुंदराने उखाचा उजवा गुडघा दाबला. दाबून धरला, नखं रुतेपर्यंत. उखाने काही विचारलं नाही, दांडा फिरवला. होडी कलली, वळली, आणि त्यांच्या मागून काळी भिंत जावी तसं काहीतरी गेलं. तिच्या लाटेने फळ्यांवर पाणी आलं.

उखाने दांडा सोडला नाही. त्याच्या गुडघ्यावर तिचा हात तसाच होता. पुढे बसलेला गजेंद्र धुक्यात तोंड करून, कोणी काही विचारलेलं नसताना, मान हलवत होता. बराबर, बराबर.